तुम्ही विचारलंत म्हणून: कंदिलाची पारख आणि माइकची पारख

"टीचर, हे आपल्याला चालतं का?" आपल्याला म्हणजे ख्रिस्ती माणसांना. वर्षभर हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. जूनमध्ये शाळेतल्या योगदिनावरून, श्रावणात राखीवरून, भाद्रपदात सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीवरून आणि दिवाळी आली की आकाशकंदिलावरून. मी ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला राहते. शाळेतून निवृत्त झाले, पण संडे स्कूल आणि शुक्रवारचा शास्त्राभ्यास अजून घेते. पाळकसाहेबांना विचारायला संकोच वाटतो, तेव्हा मंडळीतली माणसं माझ्याकडे येतात. घरात नकळत भलतंच काही शिरलं तर, ही त्यांची काळजी खरी असते. "आत्म्यांची परीक्षा करा" हे योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन तर सगळ्यांना तोंडपाठ.

तोंडपाठ असतं ते अर्धं. परीक्षा का करायची, तर जगात पुष्कळ खोटे संदेष्टे उठले आहेत म्हणून, असं पुढे लिहिलंय. म्हणजे देवाचं नाव घेऊन बोलणारी माणसं. त्याच पत्रात आधी योहान सांगतो की ही माणसं आपल्यातूनच निघाली. आता कंदिलाने कधी कुणाला "प्रभू मला सांगतो" असं म्हटलंय का?

कंदिलाचं आधी उरकते, कारण प्रेषित पौलाने आपल्या पत्रांत ते बरंचसं उरकून ठेवलंय. ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या बाजारात मिळणारं पुष्कळसं मांस देवळातून आलेलं असायचं. पौल म्हणतो, बाजारात विकतात ते चौकशी न करता खा. पण समोरचा म्हणाला की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर त्याच्यासाठी खाऊ नका. आणि प्रभूच्या मेजावर बसून दुसऱ्या मेजावर बसता येत नाही, हेही तो तिथेच सांगतो. मी यावरूनच चालते. शेजारच्या वहिनींचा फराळ आवडीने खाते, चकली तर मागून घेते. आरतीला उभी राहत नाही. हे मी त्यांना राहायला आले तेव्हाच सांगितलं होतं. कुणी रागावलं नाही. गणपतीत त्या माझ्यासाठी वेगळा डबा काढून ठेवतात, नैवेद्याच्या आधीचा. इतका विचार तर आमच्या मंडळीतसुद्धा सगळे करत नाहीत. तुमचं मन जिथे टोचतं तिथे तुम्ही थांबा. पण ज्याला टोचत नाही त्याला कमी विश्वासाचा ठरवू नका. रोमकरांच्या पत्राचा चौदावा अध्याय सगळा याच्यावरच आहे.

शिवाय आपली पारख एकाच बाजूला चालते. नाताळचं झाड जर्मनीकडून आलं, ऑर्गन आणि काळा झगा गोऱ्या साहेबांबरोबर आले. ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचं समर्पण 1825 साली बिशप हेबर यांनी केलं, ते कंपनीच्या राज्यात. या कशाचंही मूळ शोधायला कुणी जात नाही. तबला आला की मात्र काही जणांच्या कपाळाला आठ्या. अहो, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि आयुष्यभर अभंग, ओव्या, भजनं लिहिली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांची गीतं 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातून काढली तर आपली उपासना निम्मी मुकी होईल. कॅथलिक मंडळींना 1969 साली रोमकडून आरती, समई, पंचांग प्रणाम अशा बारा गोष्टींची परवानगी मिळाली, तेव्हा त्यांच्यातही कुरबुर झालीच. टिळकांच्या अभंगाचा छंद तुकारामांचा असेल, पण तो गाताना मी ख्रिस्तासमोर उभी असते. वस्तू आली कुठून यापेक्षा ती मला नेते कुठे, हे मी पाहते.

आता माइकचं, म्हणजे सभेत माइक हातात घेऊन देवाच्या नावाने बोलणाऱ्यांचं. इथे मला जास्त बोलायचंय, कारण इथे कुणी विचारतच नाही.

बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, तेराव्या अध्यायात एक अवघड गोष्ट आहे. एखाद्या संदेष्ट्याने चिन्ह सांगितलं, ते खरंही ठरलं, आणि मग तो तुम्हाला दुसऱ्या देवामागे चला म्हणाला, तर त्याचं ऐकू नका. चिन्ह खरं ठरूनसुद्धा! प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात तर याहून कमाल आहे. फिलिप्पै शहरातली एक दासी पौलाच्या मागे ओरडत फिरते की ही माणसं परात्पर देवाचे दास आहेत, तारणाचा मार्ग सांगतात. त्यात खोटं काय आहे? शब्दन्‌शब्द बरोबर. तरी पौल त्या आत्म्याला घालवतो. आणि मग चिडतं कोण? तिच्या भविष्यकथनावर पैसे मिळवणारे तिचे धनी. कमाई बुडाली म्हणून पौल आणि सीला तुरुंगात. तेव्हा "टीचर, पण त्या सभेतल्या वक्त्यांनी माझं नाव न विचारता सांगितलं हो!" असं कुणी म्हणालं की मी या दासीची गोष्ट काढते.

आमच्या मंडळीतल्या एक बाई, विधवा, मुलगा कळव्याला नोकरीला. एका भाड्याच्या हॉलमधल्या सभेला त्या जाऊ लागल्या. मीही त्यांच्याबरोबर गेले. आधी गाणी, डोळ्यांत पाणी येईल अशी. मग साक्षी: कुणाचा गुडघा, कुणाचा व्हिसा. मग तेलाची छोटी बाटली, तिची ठरलेली किंमत. शेवटी पडद्यावर क्यूआर कोड आणि बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकातलं वचन, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, भांडारात आणा. जेझुइट संघाचा संस्थापक संत, लोयोलाच्या इग्नेशियसने सांगून ठेवलंय की विचार आरंभी, मध्ये आणि शेवटी कुठे जातो ते पाहा; तिन्ही ठिकाणी चांगला असेल तरच तो चांगल्या आत्म्याकडून. त्या संध्याकाळी आरंभ ख्रिस्तापाशी झाला होता. शेवटी आम्ही सगळे मोबाइल काढून बसलो होतो. पुढच्या आठवड्यात बाई म्हणाल्या, डायबेटिसच्या गोळ्या बंद केल्यात, विश्वास दाखवायला सांगितलंय.

आजाऱ्याला तेल लावणं शास्त्रात आहे, नाकारत नाही. पण याकोबाच्या पत्रात मंडळीतले वडीलधारे आजाऱ्याकडे जातात, प्रार्थना करतात, आणि किमतीचा कुठे उल्लेख नाही. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचं पोट सारखं बिघडायचं. पौलाने त्याला विश्वास कमी पडतो असं सुनावलं नाही, थोडा द्राक्षारस घे म्हणाला. लूक तर वैद्यच होता.

म्हणून सगळ्याच सभा खोट्या, आत्म्याचं नाव निघालं की दार लावा, असंही मला म्हणायचं नाही. थेस्सलनीकाकरांना पौल "आत्म्याला विझवू नका" आधी सांगतो, "सर्व गोष्टींची पारख करा" नंतर. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मुली रडल्या, ओरडल्या, पापं कबूल केली. पुढे अन्य भाषाही, म्हणजे कधी न शिकलेल्या भाषा, बोलू लागल्या. काही मिशनरींना तो सगळा उन्माद वाटला. रमाबाईंनी त्या मुलींना आवरलं नाही. पण अन्य भाषा म्हणजेच आत्म्याचा पुरावा असंही मानलं नाही. प्रीती दिसते का, हे त्या बघत. बाईंचं काम पाहा: दुष्काळातल्या मुली, टाकलेल्या विधवा. तिथे पैसा विधवांकडून येत नव्हता, विधवांवर खर्च होत होता.

करिंथकरांना पौल सांगतो, संदेष्ट्यांनी दोघातिघांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी. इतरांनी, म्हणजे बाकावर बसलेल्या आपण. आमच्या शुक्रवारच्या अभ्यासात बोलणाऱ्याला शेवटी प्रश्न विचारायचे, असा रिवाज आम्ही पाडलाय. बाहेरून आलेल्या एका वक्त्याला तो इतका खटकला की चहा न घेता गेले.

त्या बाईंना मी फार काही सांगितलं नाही. मलाखी काढला आणि दशांशाच्या वचनाच्या थोडं मागून वाचू या म्हटलं. तिसऱ्याच अध्यायात पाचव्या वचनात देव मजुराची मजुरी अडवणाऱ्यांवर, विधवेला आणि पोरक्याला गांजणाऱ्यांवर उठतो. मग अनुवादाचा चौदावा अध्याय: दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेव्यासाठी, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्यासाठी, उपऱ्यासाठी, पोरक्यांसाठी, विधवांसाठी. बाईंनी बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचली. "म्हणजे मला मिळायला हवा होता?" म्हणाल्या आणि हसल्या.

गोळ्या परत सुरू केल्यात, डॉक्टरांनी चांगलंच झापलं. सभेला अजून जातात, पर्स मुलाकडे देऊन. गाणी चांगली असतात, म्हणतात. खरंच चांगली असतात.