घाम आजचा, केस तीन महिन्यांपूर्वीचे

ऐन उन्हाळ्यातला एक रविवार, आणि मी बाथरूमच्या फरशीवर उकिडवी बसून केस मोजत होते. डोक्यावरचे नाही, गळलेले. पांढरा टॉवेल अंथरला, मोरीच्या जाळीत अडकलेला गुंता त्यावर ठेवला आणि एकेक केस सोडवून दहा-दहाच्या जुड्या लावत बसले. नवऱ्याने दारातून डोकावून बघितलं आणि काही न बोलता निघून गेला, लग्नाला बारा वर्षं झाली की माणसाला कुठे बोलू नये ते बरोबर कळायला लागतं.

१४३ झाले. रोज ५० ते १०० केस गळणं नॉर्मल असं वाचलेलं, म्हणजे मी फेल. आणि यात कंगव्यातले, उशीवरचे आणि माझ्या पाठीला चिकटून ऑफिसपर्यंत फुकट प्रवास करणारे धरलेच नव्हते.

कारण माझ्याकडे तयार होतं, उन्हाळा, दुसरं काय. डोकं दिवसभर घामाने चिंब, मानेवर घामोळं, स्काल्पला अशी खाज की मीटिंगमध्ये पेनाचं मागचं टोक केसात घालून खाजवायची वेळ, संध्याकाळी वेणी सोडली तर आतून ओली, मग गळणार नाहीत तर काय होईल. घामाने मुळं सैल होतात हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की ते खरं आहे का हे विचारायचं कधी सुचलंच नाही. आईचं म्हणणं, अगं तेल लावत नाहीस ना. बहिणीचं म्हणणं, पाणी जड आहे. ऑफिसातली मैत्रीण म्हणे शाम्पूतलं सल्फेट. मी म्हटलं कापूनच टाकते एकदम बारीक, कटकटच नको.

कापले नाहीत ते काही शहाणपणाने नाही, पार्लरची अपॉइंटमेंट मिळाली नाही म्हणून. नंतर एका प्रयोगाबद्दल वाचलं, २०२३ सालचा, शास्त्रज्ञांनी माणसाच्या आकाराच्या, आतून तापवलेल्या पुतळ्याच्या डोक्यावर खऱ्या केसांचे वेगवेगळे विग चढवून वर दिव्यांचं कृत्रिम ऊन सोडलं, आणि बिनकेसांच्या डोक्यापेक्षा केसवाल्या डोक्यापर्यंत उन्हाची उष्णता कमी पोचली, सगळ्यात कमी एकदम कुरळ्या केसांखाली. म्हणजे उन्हात केस ही छत्री आहे. सावलीत मात्र तीच छत्री घाम वाळू देत नाही, त्यामुळे घरात आल्यावर अंबाडा वर बांधून मान मोकळी करायची, इतकंच. मी छत्रीच मोडायला निघाले होते.

पण त्याच आठवड्यात उन्हाने मला वेगळ्याच ठिकाणी गाठलं, ते आधी सांगते.

लिफ्ट बंद, दुपारची वेळ, दोन्ही हातात पिशव्या आणि आमचा पाचवा मजला. चौथ्यापर्यंत आले आणि पोटरीत असा गोळा आला की पाय टेकवेना, मळमळ, डोळ्यासमोर काजवे, मी तिथेच पायरीवर बसले. शेजारच्या काकूंनी आत नेऊन आडवं केलं, पायाखाली उशी, गळ्यावर ओला टॉवेल, फॅन फुल. मला आश्चर्य याचं वाटत होतं की मी तर दिवसभर पाणी पीत होते, मोजून चार लिटर, बाटलीवर रेघा आहेत माझ्या!

नुसतं पाणी, हाच घोळ. घामात मीठ जातं हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं पण हिशोबात कोणी धरत नाही. त्या दिवशी घातलेला काळा टी-शर्ट वाळल्यावर बघितला तर पाठीवर पांढऱ्या रेषांचा अख्खा नकाशा, एकात एक, जिथे जिथे घाम येऊन वाळला तिथली किनार. ते सगळं माझं मीठ. तासन्‌तास घाम गाळायचा आणि वर नुसतं साधं पाणी ढोसत राहायचं तर रक्तातलं सोडियम उलट पातळ होतं, आणि ते फार खाली गेलं तर प्रकरण चांगलंच गंभीर होतं. रोजच्या बसल्या कामाला जेवणातलं मीठ पुरतं हो, पण घामाने निथळलात तर नाही.

मग मी ओआरएस आणलं आणि तिथेही माती खाल्ली, एक लिटरचं पाकीट एका ग्लासात घातलं, म्हटलं स्ट्रॉंग बनवू, लवकर फरक पडेल. तसं नसतं. त्यातलं साखर-मिठाचं प्रमाण असं बसवलेलं असतं की ग्लुकोज आणि सोडियम आतड्यातून जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी. २००२ पासून जो फॉर्म्युला चालतो त्यात लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज. घट्ट केलं तर पाणी आत जायच्या ऐवजी उलट आतड्यात ओढलं जाऊ शकतं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. चव बघून मीठ अजून टाकायचा मोह होतो, टाकू नका. आणि ब्लडप्रेशर, किडनी, हार्टची औषधं चालू असतील तर मिठाचं आधी डॉक्टरला विचारा, माझं ऐकू नका.

तेव्हापासून मी घामाला शिव्या देणं बंद केलंय. एक लिटर घाम अंगावरून वाळताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे बर्फासारखं गार साडेपाच-सहा लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी लागेल तेवढी! हे सगळं अंगावरच्या २० ते ४० लाख ग्रंथी गुपचूप करतात, बिल येत नाही. अट एकच, घाम वाळला पाहिजे. टपटप गळून फरशीवर पडला तर तो फुकट गेला, म्हणूनच दमट हवेत ३३ डिग्रीलाही जीव नकोसा होतो आणि कोरड्या हवेत त्याहून जास्त चालून जातं. मी आधी दर दोन मिनिटांनी कोरड्या नॅपकिनने खसाखसा पुसत होते, म्हणजे शरीराने केलेली मेहनत उचलून नॅपकिनला देत होते. आता ओला नॅपकिन मानेवरून, हातांवरून फिरवते आणि फॅनखाली बसते. फॅन हवा गार करत नाही, घाम वाळवतो, त्यामुळे हवा ४० डिग्रीच्या पुढे गेली की नुसता फॅन म्हणजे अंगावर भट्टीचा झोत, तेव्हा अंग ओलं करणं किंवा गार खोली गाठणं हाच उपाय.

अजून एक, उन्हाळ्याचा पहिला आठवडा सगळ्यात वाईट वाटतो ना, ते मनाचे खेळ नाहीत. शरीराला गरमीची सवय व्हायला ७ ते १४ दिवस लागतात, मग घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. मी तीन आठवडे एसीत बसून एका दिवशी एकदम हमाली केली, तर काजवे दिसणारच.

माझं जे झालं ते गरमीचा थकवा, अर्ध्या तासात उठून बसले. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या जायला लागल्या, शुद्ध हरपायला लागली, तर तो उष्माघात धरायचा, तेव्हा आतलं तापमान ४० डिग्रीच्या वर गेलेलं असू शकतं. अँब्युलन्सला फोन, आणि ती येईपर्यंत सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी अजिबात घालायचं नाही. आणि अंगाला घाम आहे म्हणजे उष्माघात नाही असं समजू नका, घाम येत असतानाही होतो.

तर केस. शेवटी स्किनच्या डॉक्टरकडे गेले, सोबत झिपच्या पिशवीत ते १४३ केस. (हो, नेले.) बाईंना हसू आलं पण त्यांनी पिशवी खरंच उघडली, एक केस काढून पांढऱ्या कागदावर ठेवला आणि म्हणाल्या, "याचं टोक बघा." मुळाकडच्या टोकाला मोहरीहून कितीतरी बारीक पांढरी गाठ. "ही गाठ असली म्हणजे केस तुटलेला नाही, आपली वेळ भरल्यावर मुळापासून सुटलेला आहे. शेवटचं कधी धुतले होते?" मी म्हटलं त्याआधी चार दिवस. "मग हे चार दिवसांचे आहेत. ते सोडा, तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?"

मी म्हटलं काही नाही. मग पाच मिनिटांनी, चप्पल घालताना आठवलं. थंडीच्या शेवटी फ्लू झाला होता, पाच दिवस १०३ ताप, दोन आठवडे जेवण जात नव्हतं.

डोक्यावर साधारण एक लाख केस, त्यातले ८५-९० टक्के कायम वाढत असतात, बाकीचे विश्रांतीवर. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, क्रॅश डाएट असा धक्का बसला की शरीर खर्च आवरतं आणि वाढणारे बरेचसे केस एकदम विश्रांतीला पाठवतं. विश्रांतीचा काळ दोन-तीन महिन्यांचा, तो संपला की सगळे मिळून गळायला लागतात, तोपर्यंत आपण ताप विसरलेलो असतो आणि त्या आठवड्यात जे काही नवीन असेल, नवा शाम्पू, नवं पाणी, ऊन, त्याच्या नावाने खडे फोडतो. याला टेलोजन एफ्लुवियम म्हणतात. घाम आज काय चाललंय ते सांगतो, केस तीन महिन्यांपूर्वीचं सांगतात, आणि मी दोन्हींची एकच मोळी बांधून उन्हाळ्याच्या डोक्यावर दिली होती.

बाईंनी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासायला सांगितलं कारण ते कमी-जास्त असेल तरी असंच गळतं. माझं फेरिटिन कमी निघालं, गोळ्या दिल्या. केसांसाठी वेगळं काहीच नाही, ना सीरम ना काही, मला तर थोडी फसवणूक झाल्यासारखंच वाटलं.

खाज मात्र खरंच कोंड्याची होती, आणि इथे माझं आणि आईचं भांडण. कोंडा म्हणजे स्काल्प कोरडी पडली असं समजून मी आईच्या सांगण्यावरून आठवडाभर तेल थापलं आणि खाज दुप्पट. कोंड्यामागे मॅलेसेझिया नावाची एक बुरशी असते, तशी ती सगळ्यांच्याच डोक्यावर राहते, पण तिचं जेवण म्हणजे त्वचेवरचं तेल. म्हणजे मी तिला वाढून देत होते. केटोकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू दिला, आठवड्यातून दोनदा, आणि महत्त्वाचं म्हणजे लावून पाच मिनिटं ठेवायचा. मी आयुष्यभर शाम्पू लावला की लगेच धुतलाय. पाच मिनिटं डोक्याला फेस लावून उभं राहणं किती लांबलचक असतं ते करून बघा.

आईची बाजूही मांडते, नाहीतर फोन येईल. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रोटीन कमी निघून जातं, हे खरं आहे. फक्त ते केसाच्या दांडीला, धुवायच्या आधी, लांबीला लावायचं, कोंडा असलेल्या स्काल्पवर नाही. दांडी मेलेली असते, तिला फक्त सांभाळता येतं, जिवंत आहे ते कातडीच्या आत. हा फरक कळल्यापासून शाम्पू मुळाशी आणि कंडिशनर टोकाकडे, एवढीच माझी सगळी हेअर केअर.

घामाने भिजलेले केस तसेच करकचून बांधणं मात्र सोडलं. ओला केस फुगतो, ताणला जातो आणि कोरड्यापेक्षा लवकर तुटतो, आणि मी नेमकी त्याच वेळी गुंता ओढायचे. आता घरी आले की आधी सोडते, बोटांनी मोकळे करते, वाळले की मग मोठ्या दाताचा कंगवा, टोकाकडून वर. घामाच्या दिवसात रोज धुतले तरी चालतात बरं का, धुण्याने केस गळत नाहीत, जे सुटलेलेच असतात ते एकदम हातात येतात एवढंच.

परवा आरशात कपाळाच्या कडेला काहीतरी उभं दिसलं. बारीक, ताठ, अँटेनासारखे केस, कुठल्याच क्लिपमध्ये न बसणारे, व्हिडिओ कॉलवर तर डोक्यामागे प्रभावळ आल्यासारखे दिसतात. मुलाच्या कंपासमधली पट्टी आणून मोजले, साडेतीन सेंटीमीटर. महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, म्हणजे बोटांवर मागे गेलं की बरोबर गळती जोरात होती तेव्हा उगवायला लागलेले.

फोटो आईला पाठवला. तिचा लगेच फोन, "बघ, लावलंस ना शेवटी तेल?"

मी हो म्हटलं.