रांगेतली चक्कर

गेल्या हिवाळ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी रविवारी सकाळी आम्ही बीपी तपासणीचं टेबल मांडलं होतं. मी स्टाफ नर्स. गड चढायच्या आधी एकदा आणि उतरल्यावर एकदा बीपी मोजायचं, म्हणजे चालण्यानं काय होतं ते लोकांना आकड्यात दिसेल, ही कल्पना माझीच.

साडेसातला उतरणाऱ्यांची रांग लागली. वीस-पंचवीस माणसं, घामेजलेली. त्यात एक गुरुजी. वय ५२, गोळी कसलीच नाही, चढण्याआधी बीपी १२६/८०. नंबर तिसरा असताना त्यांनी दोनदा जांभई दिली, कपाळावरून हात फिरवला आणि उभ्याउभ्या कोसळले. मागच्यानं धरलं म्हणून डोकं वाचलं.

"सिस्टर, अटॅक हाय का वो?" कुणी कांदा शोधतंय, कुणी चप्पल हुंगवा म्हणतंय. एकानं तर कंदी पेढा तोंडाशी नेला. त्याचा हात मी झटकलाच. गुरुजींना आडवं केलं, पाय उचलून माझ्या बॅगेवर ठेवले. नाडी ४८, बीपी ९०/५६. धस्स झालं, खोटं कशाला बोलू? पण मिनिटाच्या आत डोळे उघडले. छातीत दुखत नव्हतं, धाप नव्हती, बोलणं स्पष्ट. दहा मिनिटांनी ११४/७२. तरी ईसीजी काढायला लावलाच. नॉर्मल आला.

गुरुजींचं काही चुकलं नव्हतं, चुकली होती माझी रांग. चालताना रक्ताचा ओघ वाढतो, तो रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला घासून जातो. मग ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी सैलावते. (रक्तवाहिन्यांमधलं या वायूचं काम शोधल्याबद्दल १९९८ चं नोबेल मिळालं, आमच्या नर्सिंगच्या वर्गात ते एका ओळीत उरकलं होतं.) थांबल्यावरही वाहिन्या बराच वेळ सैल राहतात, म्हणून उतरल्यावर बीपी थोडं कमी भरतं. तेच तर मला दाखवायचं होतं! पण चालताना पोटऱ्या शिरा पिळून रक्त वर ढकलत असतात, हे मी विसरले. चालून आलेला माणूस खांबासारखा उभा राहिला की ते पिळणं बंद. रक्त पायांत साचतं, हृदयाकडे कमी परततं आणि मेंदूला कमी पडतं. आडवं केल्याबरोबर शुद्ध आली ती त्यामुळेच.

"मग गड बंद करू का?" गुरुजींनी विचारलं.

"गड कशाला? उतरल्यावर पाच मिनिटं सावकाश फिरा, मग बसा."

पुढच्या रविवारी मांडववाल्याकडून खुर्च्या आणल्या, रांग मोडली आणि नंबराच्या चिठ्ठ्या वाटल्या. गुरुजी आले, सोबत त्यांच्या पत्नी. त्या गुरुजींचं कोपर सोडायला तयार नव्हत्या. गुरुजी मात्र खुर्चीत बसूनही टाचा वरखाली करत होते, शिलाई मशीन चालवल्यासारखे. चढण्याआधी १२४/७८ होतं. उतरल्यावर भरलं ११६/७४.

"बघ," ते पत्नीला म्हणाले, "आता तरी हात सोड."