चार पॉइंट झिरो टू

शुक्रवारी पगाराचे चेक साइटवर नेऊन द्यायचे, हे माझ्या नोकरीतलं सगळ्यांत आवडतं काम होतं. बाकी आठवडाभर मान खाली घालून आकडे. ओहायोतल्या एका लहानशा रस्तेबांधणी कंपनीत मी पेरोल बघायचे. सांगलीचं बी.कॉम., सहा वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरी, मग ग्रीन कार्ड आणि मग ही नोकरी. डांबराच्या वासावरून मिश्रण गार पडतंय की नाही हे आपल्याला कधी कळायला लागेल, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

सप्टेंबर 2010 मधला शुक्रवार. साइटच्या थोडं अलीकडे, पाटीपाशी टीव्हीवाल्यांची व्हॅन उभी होती. ही पाटी म्हणजे 'पुटिंग अमेरिका टू वर्क'वाली. फेब्रुवारी 2009 मध्ये ओबामांनी सही केलेल्या 787 अब्ज डॉलरच्या स्टिम्युलसमधून, म्हणजे मंदीतून वर काढण्यासाठीच्या सरकारी मदतीतून, ज्या रस्त्याला पैसे मिळाले, तिथे अशा पाट्या लागत. पाटीसमोर बाह्या दुमडून आमच्या मतदारसंघातला रिपब्लिकन उमेदवार उभा होता. नोव्हेंबरात काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, निवडणूक होती.

"या रस्त्यावर तुमचे बारा लाख डॉलर खर्च झाले," तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला. "नोकऱ्या किती? चार पॉइंट झिरो टू. म्हणजे एका नोकरीला जवळजवळ तीन लाख!"

पाकिटं छातीशी धरून मी जागच्या जागी थांबले. हा आकडा माझ्या टेबलावरून गेला होता.

दर महिन्याला मी एक फॉर्म भरायचे, 1589 नंबरचा. या कामावर किती माणसं, किती तास, किती पगार, एवढंच त्यात. तो राज्याच्या परिवहन खात्याकडे जायचा. तिथे तिमाहीचे तास एकत्र करून 520 ने भागत. आठवड्याला चाळीस तास, तेरा आठवडे, झाली एक 'नोकरी'. मे-जूनमध्ये आमची अकरा माणसं एकोणीस दिवस रोज दहा तास राबली. 2,090 तास. भागा 520 ने. अकरा जितीजागती माणसं भागाकारातून चार पूर्णांक दोन शतांश होऊन बाहेर पडली.

ही रीत डिसेंबर 2009 पासूनची. त्याआधी 'निर्माण केलेल्या किंवा वाचवलेल्या' नोकऱ्या विचारत, आणि 'वाचवलेली' म्हणजे काय हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्या पहिल्या फेरीत सरकारी वेबसाइटवर देशभरातून 6,40,329 नोकऱ्यांचा आकडा आला होता, शेवटच्या नऊपर्यंत अचूक. आणि त्याच वेबसाइटवर अस्तित्वातच नसलेल्या मतदारसंघांतल्या नोकऱ्याही दिसत होत्या. पेपरवाल्यांनी धू धू धुतलं होतं. तेव्हा नवी रीत त्या मानाने प्रामाणिकच. फक्त ती तास मोजायची, आणि लोक ऐकायचे माणसं.

उमेदवाराची गंमत अशी की बारा लाख हे संपूर्ण कंत्राट होतं आणि 4.02 हा आकडा एकाच तिमाहीचा. रस्त्याचा दुसरा टप्पा त्याच्या पाठीमागे त्या क्षणी चालू होता. डांबर अंथरणाऱ्या पेव्हर मशीनचा आवाज कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून त्यांनी फोरमनला पाच मिनिटं मशीन बंद ठेवायला सांगितलं होतं. फोरमनने नाही म्हटलं, ट्रकमधलं डांबर गार होतं म्हणून. शिवाय बारा लाखांतला मोठा वाटा डांबर, खडी आणि ट्रकचा. खाणीतली माणसं, प्लांटवरची माणसं माझ्या फॉर्मात येतच नव्हती.

पण विद्यमान खासदारबाईंचं पत्रक तरी कुठे खरं होतं? ते आमच्या ऑफिसातच आलं होतं. 'या रस्त्यावर 11 नव्या स्थानिक नोकऱ्या.' नव्या? अकराही जण आमचे जुनेच. 2008 च्या हिवाळ्यात घरी बसवलेले, या कंत्राटामुळे परत बोलावलेले. आणि स्थानिक म्हणाल तर तिघं शेजारच्या मतदारसंघात राहत. त्यांचे पत्ते मला पाठ होते.

कॅमेरा गेल्यावर मी पाकिटं वाटली. बातमी पोरांपर्यंत आधीच पोचली होती आणि वाद रंगला होता की आपल्यातला पॉइंट झिरो टू कोण. मी मनात हिशेब केला: साडेदहा तासांच्या आत-बाहेर, म्हणजे एका माणसाचा एक दिवस. आमचा फ्लॅगर, म्हणजे गाड्या थांबवणारा-सोडणारा, साठीला टेकलेला, हातात स्टॉप-स्लोचा दांडा, म्हणाला, "मीच तो. गुडघ्यासाठी एक दिवस दांडी मारली असती, तर त्या बिचाऱ्याच्या भाषणात नुसते चारच राहिले असते."

मग तो त्या उमेदवारालाच मत देणार म्हणाला. का, तर टॅक्स वाढवलेत म्हणून.

मला राहवलं नाही. त्याच्याच पाकिटातली पे-स्टब, म्हणजे पगाराची चिठ्ठी, उलगडून मी त्याला फेडरल टॅक्सची ओळ दाखवली. स्टिम्युलसमधला मोठा हिस्सा करसवलतीचा होता. नोकरदाराला वर्षाला 400 डॉलरपर्यंत, जोडप्याला 800. पण एकरकमी चेक न देता पगारातून कापला जाणारा कर कमी केला, म्हणजे लोक साठवणार नाहीत, खर्च करतील. 2009 च्या वसंतात करकपातीचे ते नवे तक्ते कॉम्प्युटरमध्ये मीच चढवले होते. 2010 मध्ये हिशेब आठवड्याला साडेसात-आठ डॉलरचा. दीड वर्षात एकाही माणसाने "पगार वाढला का?" असं विचारलं नव्हतं. एरवी अर्धा तास ओव्हरटाइम चुकला तर सोमवारी सकाळी सात वाजता फोन.

तो बराच वेळ स्टबकडे बघत राहिला. चष्मा कपाळावर, अंगठ्याला डांबर. "आठ डॉलर," तो म्हणाला. "आणि हेल्थ इन्शुरन्सचे किती वाढले? ते आहे का यात?" होते. खालच्याच ओळीत. आठाहून बरेच जास्त. त्याने स्टब घडी करून खिशात घातली आणि दांडा स्लोवर फिरवला. मी विषय सोडला. मला तर ग्रीन कार्डवर मताचा हक्कच नव्हता.

2 नोव्हेंबरला खासदारबाई पडल्या. ओहायोत त्या दिवशी त्यांच्या, म्हणजे ओबामांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे पाच खासदार पडले. थंडी सुरू झाली तसे डांबराचे प्लांट बंद झाले आणि दर वर्षीप्रमाणे आमच्या पोरांना वसंतापर्यंत सुट्टी, म्हणजे लेऑफ. फ्लॅगरचा फोन आला, बेरोजगार भत्त्याच्या अर्जासाठी वर्षभराचे तास हवे होते. मी काढून दिले. ते मात्र कुणी 520 ने भागले नाहीत.

डिसेंबरात वॉशिंग्टनला नवा समझोता झाला. ती 400 वाली सवलत संपली, त्याऐवजी 2011 साठी पगारातून होणारी सोशल सिक्युरिटीची (निवृत्तिवेतन योजनेची) कपात 6.2 टक्क्यांवरून 4.2 वर आणली. जानेवारीत मी पुन्हा तक्ते बदलायला बसले. बदल करून चाचणीचा पेरोल छापला. यादीत मालक, हिशेबनीस, मेकॅनिक आणि मी.