केना या रोपाच्या नावामागची बाग: आम्स्टरडॅम आणि लायडन

पावसाळ्यात आपल्याकडे बांधावर केना उगवतो. दोन पाकळ्या ठसठशीत निळ्या, तिसरी एवढीशी. लहानपणी आजी त्याच्या पानांची भजी करायची. त्याचं शास्त्रीय नाव ‘कोमेलिना’. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ते आम्स्टरडॅमच्या कोमेलिन घराण्यावरून ठेवलं: दोन मोठ्या पाकळ्या म्हणजे यान आणि त्याचा पुतण्या कास्पार हे दोघे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि लहान पाकळी म्हणजे काही करून दाखवण्याआधीच वारलेला तिसरा. यान कोमेलिनने उभारणीत पुढाकार घेतलेली बाग आजही आहे, हे कळल्यापासून मला तिथे जायचंच होतं. या एप्रिलमध्ये जमलं.

आम्स्टरडॅमची ‘हॉर्टस बोटॅनिकस’, म्हणजे वनस्पती-बाग, 1638 सालची. प्लेगच्या साथीनंतर वैद्यांना आणि औषधं बनवणाऱ्यांना वनस्पती ओळखता याव्यात म्हणून ती सुरू झाली आणि 1682 मध्ये यान कोमेलिनच्या पुढाकाराने सध्याच्या जागी आली. वॉटरलूप्लाइन मेट्रो स्थानकातून चालत पाच-सात मिनिटं. बाग लहान आहे, तासाभरात फिरून होते, पण मी तीन तास रमले. 1912 च्या पाम हाउसमध्ये जरूर जा. बागेतला दक्षिण आफ्रिकेचा सायकड (ताडासारखं दिसणारं झाड) तीनशे वर्षांहून जुना आहे. कॉफीच्या रोपापाशीही थांबा. 1706 मध्ये जावाहून या बागेत आलेल्या कॉफीच्या वंशातलं एक रोप 1714 मध्ये फ्रान्सच्या राजाला भेट गेलं आणि अमेरिका खंडातल्या कितीतरी मळ्यांचं मूळ तिथे आहे.

मला मात्र आठवत होते कोचीचे तीन कोकणी वैद्य: रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात याच शहरात छापला गेला. त्यात या तिघांचं कोकणीतलं निवेदन नागरी लिपीत आहे, चित्रांवरही नागरीत नावं आहेत, आणि काही खंडांना टिपा यान कोमेलिनच्या. सतराव्या शतकात आम्स्टरडॅममध्ये आपली लिपी छापली गेली, या विचाराने मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी लायडन शहरातली वनस्पती-बाग. आम्स्टरडॅम सेंट्रालहून ट्रेनने साधारण पाऊण तास. संपर्करहित बँक कार्ड चालतं, पण उतरल्यावर पुन्हा टेकवायला विसरू नका. स्थानकापासून बाग वीसेक मिनिटं चालत, कालव्याकाठचा रस्ता सुरेख आहे.

ही बाग 1590 ची. 1593 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस इथे आला आणि पुढच्या वर्षी त्याचे ट्यूलिप फुलले. गोव्यात राहून पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताने आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. तो संक्षिप्त लॅटिनमध्ये आणून युरोपभर पोहोचवणारा हाच क्लुसियस. पणजीला चर्चसमोर ज्या बागेत आपण बसतो, तिला ऑर्ताचंच नाव आहे. लायडनमध्ये क्लुसियसची बाग जुन्या आराखड्याप्रमाणे पुन्हा मांडली आहे. अरुंद वाफे, विरळ, नाजूक ट्यूलिप. मला ते मोठ्या फुलबागांतल्या गालिच्यांपेक्षा फार आवडले.

काचघरात शिरताना कॅमेरा पिशवीतच ठेवा. बाहेरच्या थंडीतून आत गेलं की भिंगावर धुकं बसतं, दहा मिनिटांनी काढा. कोट काढून हातात घ्यावा लागतो, तेव्हा सामान कमी असलेलं बरं. दुरुस्तीसाठी एखादं काचघर बंद असू शकतं, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळ पाहा.

व्हिक्टोरिया कमळ पाहायचं तर उन्हाळ्यात जा. फूल संध्याकाळी उमलतं, पहिल्या रात्री पांढरं, दुसऱ्या रात्री गुलाबी. लायडनमध्येच 1601 मध्ये लावलेलं लॅबर्नम आहे. मे महिन्यात या झाडाला बहाव्यासारखे पिवळे घोस लटकतात, पण तोवर ट्यूलिप संपत आलेले असतात. दोन्हींपैकी एकच निवडायचं झालं, तर मी पुढच्या खेपेला मे निवडीन.