आमची वाटचाल : शॉकअपचं दुकान आणि सीलची बदनामी

जळगावात दुचाकीची गॅरेजं पैशाला पासरी. अजिंठा चौफुलीपासून एमआयडीसीत शिरेपर्यंत दोन्ही अंगांना तीच. त्यात आम्ही फक्त शॉकअपचं काम घ्यायचं ठरवलं तेव्हा शेजारपाजारचे हसले. इंजिन नाही, वायरिंग नाही, पंक्चर तर नाहीच. पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणारे स्प्रिंग-तेलाचे दोन पाय), मागचे शॉकअप, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश आणि हँडलचा कोन सेट, एवढ्यावर दुकान चालतं का? शॉकअप गेला की नवा टाकायचा, त्यात रिपेअर कसली, असं म्हणणारे आजही आहेत. त्यांच्याच गाड्या आमच्याकडे येतात ही गोष्ट वेगळी.

पहिले भागीदार लेथवाले होते, सगळे त्यांना नाना म्हणायचे. पुढे ते नाशिकला गेले, भांडण-बिंडण काही नाही. पण त्यांनी करून दिलेली हत्यारं आजही रोज हातात असतात. सगळ्यात कामाचे दोन व्ही-ब्लॉक, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेचे ठोकळे, आणि त्यावर काट्याचं डायल गेज. फोर्कचा पाइप ब्लॉकवर आडवा ठेवायचा, मधोमध गेजचं टोक टेकवायचं आणि सावकाश पूर्ण फेरा द्यायचा. काटा जेवढा हलला त्याच्या निम्मा बाक. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ०.२ मिमी ही हद्द दिलेली असते. डोळ्याला सरळ दिसणारा पाइप गेजवर अर्धा मिमी वाकडा निघतो, तेव्हा गिऱ्हाइकाला कळतं की त्याच एका बाजूचं सील, म्हणजे पाइपभोवती तेल अडवणारं रबरी कडं, पुन्हा पुन्हा का जातंय.

दुसरं हत्यार म्हणजे डॅम्पर रॉड, म्हणजे फोर्कच्या आतला भोकांचा रॉड, धरायची टी आकाराची लांब दांडी. तळाचा ॲलन बोल्ट सोडायला गेलं की आतला रॉड त्याच्याबरोबर गरगर फिरतो आणि बोल्ट काही बाहेर येत नाही. घरी काम करणाऱ्यांनी हा बोल्ट वरचा नट उघडायच्या आधी, स्प्रिंग दाबात असतानाच ढिला करावा. स्प्रिंग रॉडला दाबून धरते आणि बहुतेक वेळा टी लागतच नाही. बोल्टखालचा तांब्याचा वायसर मात्र नवा टाका. जुनाच परत टाकला की तळातून झिरपतं आणि दोष सीलवर जातो.

सगळा दोष सीलवरच जातो. आमचं दुकान बुडायची पाळी आली तीही सीलवरूनच.

तेव्हा जुना सहा नंबरचा हायवे, म्हणजे आताचा ५३, आपल्या भागात चौपदरी व्हायचा होता. पारोळा, एरंडोल, भुसावळ, मुक्ताईनगर, कुठूनही गाडी आली तरी फोर्कवर बोटभर धूळ आणि खाली तेलाचा ओघळ. कामाला तोटा नव्हता. एका व्यापाऱ्याकडून सीलची मोठी खेप उचलली. बॉक्स नेहमीचा, छपाई नेहमीची, सीलवर माप तेच : ३१-४३-१०.३. आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची. बसवलेली सीलं महिना-दोन महिन्यांत गळायला लागली. गिऱ्हाईक दारात उभं राहून ओरडायचं, “काय रे भो, परत गळलं!”

बाहेरचं माप बरोबर होतं, त्यामुळे सील फोर्कमधल्या आपल्या जागेत घट्ट बसायचं. खोट होती आतल्या ओठात. ओठामागे बारीक गोल स्प्रिंग असते, ती ओठाला पाइपवर दाबून धरते. या खेपेत ती स्प्रिंग सैल होती, आणि रबर असं की एप्रिल-मेच्या उन्हात कडक पडायचं. चांगलं सील ओळखायची रीत सोपी आहे. कोरडं सील स्वच्छ पाइपवर चढवा आणि पाइप उभा धरा. आपल्या वजनाने खाली घसरलं तर ते घेऊ नका. ओठ नखाने दुमडा, तो ताबडतोब जागेवर आला पाहिजे. आता आम्ही प्रत्येक सील असं पाहूनच बसवतो. व्यापारी म्हणाले, “क्रेडिट नोट काढतो.” अजून काढताहेत.

सगळी कामं आम्ही फुकटात परत केली. नवं सील, नवं तेल, मजुरी, सगळं पदरचं. हातावर पोट असलेल्या दुकानाला ते झेपणारं नव्हतं. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे रस्त्यापलीकडे नवं दुकान उघडलं. बोर्डवर “लाइफटाइम सील”, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणं एकच, समोरच्यांचा माल बोगस आहे. आमची नाराज गिऱ्हाइकं सरळ तिकडे गेली.

तिथे काय करायचे ते त्या गाड्या पुढे आमच्याकडे उघडल्या तेव्हा दिसलं. सील स्वस्तातलं आणि फोर्कमध्ये इंजिनचं २०डब्ल्यू४० तेल. जाड तेल हळू गळतं, म्हणून चार आठवडे सगळं कोरडं दिसतं आणि गिऱ्हाईक खूश. पण ४० अंशाला हे तेल दहा नंबरच्या फोर्क ऑइलपेक्षा साधारण तिप्पट जाड असतं. आपल्याकडच्या साध्या फोर्कमध्ये तेल रॉडच्या बारीक भोकांतून जातं. चाक वर-खाली व्हायचा वेग दुप्पट झाला की भोकांतला विरोध चौपट होतो. सावकाश चढावावर गाडी मऊ वाटते, पण धारदार खड्डा आला की फोर्क दबायलाच तयार नसतो आणि दणका मनगटात येतो. लोक म्हणतात स्प्रिंग कडक झाली. स्प्रिंगचा तिथे काही संबंध नसतो. तेलाचा नंबर बदलायचाच असेल तर १०चं १५ करा, त्यापुढे जाऊ नका.

पलीकडे मागच्या शॉकअपमध्ये “नायट्रोजन भरून” पण मिळायचं, टायरच्या मशीनवर. मोनोशॉकच्या, म्हणजे मागच्या एकट्या शॉकअपच्या, गॅसच्या डबीत शंभर-दीडशे पीएसआय किंवा त्याहूनही जास्त दाब लागतो, तो टायरच्या मशीनने येत नाही. घरी तर त्या डबीला ड्रिल, गॅस, हातोडा काहीच लावू नका. दाबातली टोपी उडून डोळा जाऊ शकतो.

त्या दिवसांत आमच्या बाजूने एकच माणूस उभा राहिला, यावलकडचे दूधवाले आप्पा. त्यांची १०० सीसीची गाडी, दोन्ही अंगांना ४० लिटरचे दोन कॅन. नुसतं दूधच ८२ किलोच्या वर, शिवाय कॅन, कॅरिअर आणि आप्पा. मागचा शॉकअप वर्षात दोनदा बसायचा. सगळ्यांनी त्यांना प्रीलोडची खाच, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवायची खाच, शेवटपर्यंत चढवून दिली होती. तरी भरलेली गाडी खाली टेकायचीच आणि परत येताना रिकामी गाडी घोड्यासारखी उधळायची. आप्पांच्या भाषेत, “गाडी कुदस रे भो.”

इथे एक गैरसमज आहे, तो गिऱ्हाइकांतच काय मेकॅनिकांतही आहे. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. गाडी फक्त वर उचलली जाते. कडकपणा तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या व्यासावर आणि वेढ्यांच्या संख्येवर ठरतो, आणि त्यात जाडीचा वाटा सगळ्यात मोठा, चौथ्या घाताने. ७ मिमी तारेऐवजी ७.५ मिमी घेतली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर स्प्रिंग जवळपास एक तृतीयांशाने कडक होते. आम्ही आप्पांना तशी जोडी वळवून घेतली, खाच दोन नंबरवर आणली आणि कॅरिअर पुढे सरकवून कॅनचं वजन मागच्या ॲक्सलच्या जवळ आणलं. वजन ॲक्सलच्या मागे लटकलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरतं, मग लोक विनाकारण कोन सेट बदलतात. गाडीच्या नियमापेक्षा हा भार जास्तच आहे हे आप्पांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले, “म्हशीला जाऊन सांग.”

आप्पांनी त्यांच्या संकलन केंद्रावरचे सगळे दूधवाले आमच्याकडे आणले. फैजपूर, सावदा, रावेरपर्यंत नाव त्यांच्यामुळे गेलं. त्यांच्या गाड्या पहाटे येतात, हिशेब रोख असतो आणि शॉकअप खराब असेल तर ते त्यांना आमच्या आधी कळतं. दुकान त्यावर सावरलं. पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पलीकडचं दुकान आता मोबाइल कव्हर विकतं.

फुकटचे सल्ले देऊ नयेत म्हणतात, पण सीलचं थोडं सांगतोच. गळणारं प्रत्येक सील गेलेलं नसतं. सीलवरची धुळीची टोपी स्क्रू ड्रायव्हरने अलगद वर उचला, जुनी एक्स-रे फिल्म दोन बोटं रुंद कापून तिच्या टोकाला हुकासारखा आकडा ठेवा आणि सीलच्या ओठाखाली सरकवून पाइपभोवती फिरवा. अडकलेली माती बाहेर येते. गाडी दहा-बारा वेळा दाबा, पुसा, परत बघा. तरी ओघळ येत असेल तर पाइपवर कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तिथे खड्डा किंवा टवका आहे. बारीक असेल तर हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून घासा. खोल असेल तर अराल्डाइट भरून, वाळल्यावर दीड हजार नंबरने सपाट करा. हे न करता नवं सील टाकणं म्हणजे पैसे गटारीत.

सील ठोकायला महागडं हत्यार लागत नाही. पाइपचं गाव आपलं. ३१च्या फोर्कला ४० मिमीच्या पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा पुरतो, टोक मात्र काटकोनात कापलेलं हवं. फोर्कच्या पाइपच्या तोंडावर तेल लावलेली पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा, म्हणजे कडेवर ओठ फाटत नाही. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे खाली. नव्या सीलवर जुनं सील ठेवून ठोका. सील जागेवर धरणाऱ्या सर्क्लिपची खाच पूर्ण दिसली की थांबा.

तेल मापाने भरायचं, अंदाजाने नाही. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना एका पायात साधारण दीडशे ते दोनशे मिली लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पण मिलीपेक्षा पातळी महत्त्वाची. स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली, आठ-दहा वेळा पंप करून हवा काढलेली, दहा मिनिटं उभं ठेवलेलं, आणि मग पट्टी टाकून पाइपच्या तोंडापासून तेलापर्यंत मोजायचं. दोन्ही पाय सारखेच. तेल जास्त झालं तर वरची हवा कोंडते आणि नवंकोरं सील पहिल्याच मोठ्या खड्ड्यात उडतं.

गाडी किती बसते तेही मोजा. चाक उचलून फोर्कची पूर्ण लांबी घ्या, मग नेहमीच्या कपड्यांत बसून, दुसऱ्याला मोजायला लावून परत घ्या. एकदा दाबून, एकदा उचलून, दोन्हींची सरासरी. फोर्कचा प्रवास १२० मिमी असेल तर तीस ते चाळीस मिमी बसणं योग्य. जास्त बसत असेल तर स्प्रिंगवर पीव्हीसीचा तुकडा ठेवा. १० मिमीचा तुकडा साधारण १० मिमी बसणं कमी करतो. स्प्रिंगचा वेढा मात्र कापू नका. हे सगळं करायच्या आधी टायरची हवा बघा. अर्ध्या तक्रारी हवा मारली की संपतात आणि आमचा धंदा तेवढा बुडतो.

चाक परत बसवल्यावर लोक एक गोष्ट हमखास विसरतात. ॲक्सलचा नट आवळा, पण फोर्कच्या टोकाला ॲक्सल चिमटून धरणारा पिंच बोल्ट ढिला ठेवा. पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा दाबा, पाय आपसूक सरळ रेषेत येतात, मग पिंच बोल्ट आवळा. नाहीतर फोर्क अडकत चालतो.

शिरपूर, शहादा, चाळीसगावचे लोक फोर्क काढून एसटीच्या पार्सलने पाठवतात. तेल पूर्ण ओतून घ्या, वरचा नट हाताने बसवा आणि पाइपला गोणपाट गुंडाळा. डाव्या-उजव्या पायावर चिठ्ठी बांधा, त्यावर गाडी चालवणाऱ्याचं वजन आणि कोणतं तेल टाकलं होतं ते लिहा. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने फ्रेमला बांधा आणि पॅडच्या मध्ये लाकडाची चकती सरकवा. घरातल्या पोराने लिव्हर दाबला की पिस्टन बाहेर येतात.