न झालेली मुद्राची फाइल

२८ मार्च २०२४, गुरुवार. सोमवारी धुळवड होऊन गेलेली, शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी. त्यामुळे ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या कर-हिशेबाच्या ऑफिसात मार्चएंडची सगळी गर्दी त्याच दिवशी. त्यात वागळे इस्टेटमधले एक काका आले. दोन लेथ, तीन कामगार. पंपाला लागणारे बुश आणि पिना करतात. बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, मुद्रातून दहा लाख करून द्या."

खरं सांगते, मला बरंच वाटलं. प्रोजेक्ट रिपोर्टची फी सुटते. मुद्रा या सरकारी कर्जयोजनेच्या 'तरुण' गटात तेव्हा १० लाखांपर्यंत मिळायचे आणि काकांची रिटर्न्सही चोख होती.

"नवं मशीन घेताय?"

"छे हो. पगार द्यायचेत. मालवालाही दारात बसलाय."

मग मी बिलं मागितली. मिठाईच्या दुकानाची पिशवी, आत बिलं-चलनं कोंबलेली, दोन-चारांवर ऑइलचे अंगठे, तळाशी लेथवरून उडालेला लोखंडाचा एक कुरळा तुकडा. तारखेप्रमाणे टेबलावर मांडत गेले, तर एकाच कंपनीची सहा बिलं थकलेली. पहिलं नोव्हेंबरचं, शेवटचं जानेवारीतलं. बेरीज ७ लाख १२ हजार. त्यावरचा जीएसटी मात्र काकांनी वेळच्या वेळी खिशातून भरलेला! म्हणजे मोठ्या कंपनीला हे बिनव्याजी पैसे वापरायला देणार आणि ते भोक बुजवायला स्वतः व्याजाने काढणार.

"उद्यम रजिस्ट्रेशन आहे ना?"

"आहे की. मुलाने काढलं. फुकट होतं म्हणून."

उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. अशा छोट्या पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, हे २००६ च्या कायद्यातच आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. पण गिऱ्हाइकाकडे व्याज मागायची छाती कुणाची? त्या वर्षी मात्र आयकर कायद्याचं ४३बी(एच) हे नवं कलम लागू झालं होतं. मुदत उलटलेलं असं बिल ३१ मार्चला बाकी राहिलं, तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही, कर वाढतो. दुखतं ते तिथे.

उद्यम नंबर घालून त्या कंपनीला पत्र केलं. व्याजाची ओळ काकांनी काढायला लावली. "उद्या परत त्यांच्याच दारात जायचंय." मेल गेला आणि तासाभरात काकांचा फोन वाजला, कंपनीतूनच. स्पीकरवर टाकला.

"काका, ते उद्यम रद्द करून टाका ना. मग पुढची ऑर्डर काढायला सोपं जाईल."

आवाज इतका गोड की मीच गार पडले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून 'नाही' म्हटलं, पण धंदा त्यांचा होता. अंगठ्याच्या नखातलं काळं कोरत ते थोडा वेळ गप्प बसले.

"साहेब, ते रद्द कसं करतात मला येत नाही हो. शिकून घेतो. पैसे तेवढे शनिवारपर्यंत टाका."

शनिवारी दुपारी पाच बिलं जमा झाली. सहावं 'माल रिजेक्ट' म्हणून अडवलं. रिजेक्ट झालेला माल काही परत आला नाही, ते बिल आजही अडकलेलंच आहे.

एप्रिल, मे, जून, त्या कंपनीची एकही ऑर्डर नाही. काकांनी एक कामगार कमी केला. तेव्हा मला रात्री झोप लागायची नाही. जुलैत ऑर्डर आली, नेहमीच्या निम्मी. पहिलं बिल दाखवायला काका मुद्दाम ऑफिसात आले. उद्यम नंबरचा शिक्का बनवून घेतला होता, तो माझ्यासमोर मारला. जरा तिरपाच बसला.