आगळ म्हणजे सरबत नव्हे

आमच्या आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, बाटलीवर लावायला मी चार ओळी लिहिल्या होत्या. ‘निसर्गाच्या कुशीतून, परंपरेचा वारसा जपत’ वगैरे. आईला वाचून दाखवल्या. ती रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत होती, हात कोपरापर्यंत लाल. म्हणाली, “ह्यां खंयच्या कंपनीचा?”

मग मी तिच्याजवळ बसून ती फोनवर गिऱ्हाइकांशी काय बोलते तेच उतरवून घेतलं. आदल्याच आठवड्यात पुण्याच्या एका बाईंनी आगळ थंड पाण्यात घालून पाहुण्यांना दिलं होतं आणि खारट लागलं म्हणून पैसे परत मागितले होते. आगळात मीठच असतं, त्यावरच ते वर्षभर टिकतं. म्हणून आता बाटलीवर पहिली ओळ अशी: ‘हे आगळ आहे, सरबत नव्हे. साखर अजिबात नाही. सोलकढीत आधी थोडं घाला, चाखा, मग वाढवा.’ सोलांच्या, म्हणजे वाळवलेल्या सालांच्या, पिशवीवर: ‘वर पांढरं दिसलं तर ते मीठ आहे.’ मुठेलाची चिठ्ठी तर एका वाक्याची. बियांचं तेल गोठलं की मुठीने वळतात म्हणून मुठेल, भेगांना रात्री लावा. ‘नैसर्गिक फूट केअर’ मीच खोडलं. लाज वाटली खरं तर.

आमचं खरं वाजलं ते 2025 साली. मे संपायच्या आतच पाऊस उतरला. सालं रसात भिजवायची, उन्हात टाकायची, पुन्हा भिजवायची, अशी चार-पाच पुटं लागतात. आमची दोन झाली आणि ऊन गेलं. उरलेली माजघरात पंख्याखाली. रंग काळपट आला, थोडा धुराचा वास, कारण शेवटी चुलीवरच्या माळ्यावर चढवली. मी म्हटलं, काही लिहायला नको, आंबटपणा तर तोच आहे. आई म्हणाली, “लपवतंस कित्याक? पिशवी फोडल्यार दिसतलाच मां.”

तिने वहीच्या पानावर स्वतः लिहिलं, मी झेरॉक्स काढल्या: ‘यंदा पाऊस लवकर आला. ही सोलं उन्हात पुरी वाळलेली नाहीत, रंग काळा आहे. आमटीला चालतील. सोलकढीला घेऊ नका, गुलाबी होणार नाही. किलोमागे शंभर रुपये कमी घेतले आहेत.’

‘वाळलेली’मधला ळ तिने नेहमीसारखा उलटा काढलाय. तो तसाच छापला.